राजांच्या दरीतला हजेरीपट

नाइलवरच्या क्रूझमध्ये सगळं निवांत असतं, फक्त राजांची थडगी सोडून. पोहण्याच्या तलावाला दुपार, चहा-केकला संध्याकाळ, नाचगाण्याला रात्र. थडग्यांसाठी मात्र पहाटे पाचला खोलीतला फोन वाजतो. लक्झरच्या पश्चिम काठावरची राजांची दरी म्हणजे उघडी चुनखडी. झाड औषधालाही नाही, आणि ऊन चढलं की तिथे उभं राहवत नाही. त्यामुळे धक्क्यावरच्या यच्चयावत बोटींतले प्रवासी एकाच वेळी उठतात, एकाच वेळी नाश्त्याचे डबे उचलतात आणि एकाच वेळी तिकीटखिडकीशी पोचतात. जी जागा कुणाला सापडू नये म्हणून निवडली, तिथे सकाळी सातला रांग लागलेली असते.

लक्झर ते अस्वान हा क्रूझचा नेहमीचा टप्पा, दोनशे किलोमीटरच्या थोडा वरचा. गाडीने अर्ध्या दिवसात उरकेल. बोट तीन किंवा चार रात्री घेते, कारण वाटेत एस्ना, एडफू, कोम ओम्बो ही देवळं करायची असतात, आणि कारण घाई नसणं हाच मुळी विकायचा माल असतो. हा व्यवसाय जुना आहे. १८६९ साली, सुएझ कालवा खुला झाला त्याच वर्षी, थॉमस कुकने आपले पहिले प्रवासी इजिप्तला आणले आणि पुढे नाइलवर आगबोटींचं बस्तान बसवलं. ज्यांना आगबोटीतली गर्दी नको ते शिडाची दहाबिया भाड्याने घेत. अमेलिया एडवर्ड्स ही इंग्रज लेखिका १८७३च्या हिवाळ्यात अशीच निघाली. परतल्यावर तिने प्रवासवर्णन लिहिलं आणि पुढे १८८२ साली इजिप्तमधल्या उत्खननांसाठी निधी उभारणारी संस्था काढण्यात पुढाकार घेतला. सुट्टीवर गेलेल्या सगळ्यांनाच असं काही सुचत नाही.

आज बोटी धक्क्याला एकीला एक चिकटून उभ्या असतात. आपली बोट चौथी असेल तर बाहेर पडायला आधीच्या तिघींच्या स्वागतकक्षातून जावं लागतं: तोच पॉलिश केलेला जिना, तेच पितळी कठडे, तीच नेफरतितीची नक्कल. मग बस. नदीवरचा पूल शहराच्या दक्षिणेला, म्हणून मोठा वळसा. पलीकडे उतरलं की ऊस लागतो, उसाच्या छोट्या रेल्वेचे रूळ लागतात, बरसीमचे पट्टे, गाढवावर लादलेला हिरवा चारा. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला इथे परकं वाटण्याचं काही कारण नाही. पुराणवस्तूंच्या पुस्तकांत पश्चिम काठ मृतांचा असतो, कारण सूर्य तिकडे मावळतो. प्रत्यक्षात तिथे शाळा सुटत असते.

मग एका रेषेवर हिरवं संपतं. रेष अक्षरशः रेष असते. एक पाय शेतात, दुसरा वाळवंटात ठेवता येतो. समोर डोंगर आणि त्याच्या माथ्यावर अल-कुर्न हे सुळक्याचं टोक. ते दिसतं पिरॅमिडसारखं. राजांनी ही दरी निवडली त्यात या टोकाचाही हात असावा, असं अभ्यासक मानतात. पिरॅमिड बांधायचा म्हणजे चोरांना पत्ताच देण्यासारखं, हे तोवर हजार वर्षांच्या अनुभवाने कळून चुकलं होतं. इथे डोंगराने तयार पिरॅमिड दिला होता आणि खाली लपायला खडक. इ.स.पू. १५००च्या सुमारापासून पुढची जवळपास चारशे-साडेचारशे वर्षं राजे इथे पुरले गेले. पहिल्या थुतमोसचं थडगं खोदण्याची देखरेख करणाऱ्या इनेनी नावाच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या थडग्यात मोठ्या अभिमानाने नोंदवून ठेवलंय की, हे काम कुणी पाहिलं नाही, कुणी ऐकलं नाही. गुप्त काम केल्याची जाहिरात भिंतीवर कोरून घेणारा सरकारी अधिकारी म्हणून मला हा गृहस्थ फार आवडतो.

दरीत साठाहून अधिक थडगी आहेत. त्यांना इंग्रज संशोधक विल्किन्सनने १८२७ साली रंगाचा डबा घेऊन दारांवर आकडे टाकायला सुरुवात केली, तेच अनुक्रमांक आजही चालतात. साध्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. तुतानखामुन, पहिला सेती आणि सहावा रामसेस यांची तिकिटं वेगळी. आत गाइडने बोलायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे सगळे गाइड बाहेर सावलीत तक्ते उघडून व्याख्यान देतात आणि मग प्रवाशांना आत सोडतात.

बहुतेकांना तुतानखामुनच हवा असतो, आणि तो पाहून बहुतेक थोडे हिरमुसतात. थडगं लहान आहे. चार खोल्या, त्यातल्या एकीलाच चित्रं. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टर या इंग्रज पुरातत्त्वज्ञाच्या मजुरांना पहिली पायरी लागली. मग पाच हजारांवर वस्तू निघाल्या, त्यातली सर्वांत आतली शवपेटी सुमारे ११० किलो सोन्याची. आता तो सगळा ऐवज गिझाच्या नव्या भव्य संग्रहालयात आहे. इथे उरलाय खुद्द राजा: काचेच्या पेटीत, पांढऱ्या कापडाखाली, काळा पडलेला चेहरा आणि पावलं उघडी. हे थडगं वाचलं त्यामागे कुठला शाप नव्हता. वर सहाव्या रामसेसचं थडगं खोदताना मजुरांनी खाली झोपड्या घातल्या, राडारोडा पडला आणि दार गाडलं गेलं.

वेळ कमी असेल तर तुतानखामुनला फाटा द्यावा, असं माझं मत आहे. त्याऐवजी दरीच्या अगदी टोकाला जाऊन लोखंडी जिन्याने कपारीत चढावं आणि तिसऱ्या थुतमोसच्या थडग्यात उतरावं. लंबगोल खोली, आणि भिंतींवर पपायरसच्या गुंडाळीतून उतरवल्यासारख्या काडीच्या आकृत्या. किंवा सहाव्या रामसेसकडे जावं. तिथे छतभर आकाशदेवी नूत पसरली आहे, संध्याकाळी सूर्य गिळणारी आणि सकाळी त्याला जन्म देणारी. त्याच भिंतींवर ग्रीक-रोमन काळातल्या पर्यटकांनी आपली नावं ओरबाडलेली आहेत. दरीत अशा ग्रीक-लॅटिन नोंदी दोन हजारांहून जास्त आहेत. अलीकडे अभ्यासकांनी त्यांच्या गर्दीत तमिळ-ब्राह्मी लिपीतल्या नोंदीही वाचल्या. शिकै कोऱ्ऱन नावाच्या माणसाने एकाहून अधिक थडग्यांत आपण येऊन गेल्याचं लिहून ठेवलंय. तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून मिरी-मोत्यांचा व्यापार चालायचा त्या शतकांतला हा माणूस. त्याच समुद्रावरून आपल्या कल्याणलाही जहाजं येत. भारतीय पर्यटक भिंतीवर नाव लिहितो ही तक्रार किमान अठराशे वर्षं जुनी आहे, एवढं आता म्हणता येईल.

मला खरं थांबवलं ते होरेमहेबच्या थडग्याने. राजा गेला तेव्हा काम अर्धवट होतं आणि मग ते तसंच राहिलं. शवपेटीच्या दालनात एका भिंतीवर चित्र पूर्ण, पुढच्या भागात नुसती कोरलेली आकृती, त्याच्यापुढे फक्त रेघा. आधी मापाची आखणी, त्यावर नवख्या हाताने लाल रंगात काढलेलं चित्र, आणि त्यावर वस्तादाने काळ्या रंगात केलेल्या दुरुस्त्या. एका देवाचा दंड लाल रेघेत जाड झालाय, काळ्या रेघेने तो आत ओढलाय. सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी कुणाला तरी इथे झापलं असणार. राजांच्या दरीत मला राजा सोडून पहिल्यांदाच दुसरं कुणी दिसलं.

थडग्यांचं काम करणारी ही माणसं राहायची त्या गावाला आज देर अल-मदीना म्हणतात. दरीतून डोंगर ओलांडला की पलीकडच्या खोलगटात आहे. बहुतेक क्रूझच्या कार्यक्रमात ते नसतं. त्याऐवजी सकाळच्या यादीत अलाबास्टरच्या कारखान्याला हमखास अर्धा तास असतो. ज्यांना जायचं त्यांनी गाइडला आदल्या रात्रीच सांगून ठेवावं. तटबंदीच्या आत सुमारे ६८ घरं एकमेकांना भिंतीला भिंत लावून, मधून एक बोळ. गुडघ्याएवढ्या भिंती उरल्यात, पण ओटा कुठे, चूल कुठे, तळघर कुठे ते कळतं. गावात पाणी नव्हतं, ते खालून गाढवांवर यायचं. पाण्यासाठी त्यांनी एक प्रचंड विहीर खणायला घेतली. पन्नास मीटरच्या आसपास खोल गेले तरी पाणी लागलं नाही. मग त्या खड्ड्यात गावाने कचरा टाकला, आणि कचऱ्यात होत्या खापऱ्या व चुनखडीच्या कपच्या, ज्यांवर हिशेब, पत्रं, तक्रारी, उसनवारी लिहिलेली. विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच उत्खननात या एका खड्ड्यातून हजारोंनी असे तुकडे निघाले. कोरड्या विहिरीने इजिप्तच्या इतिहासाला जेवढं दिलं तेवढं एखाद्या पिरॅमिडनेही दिलेलं नाही.

गावच्या अशा कागदपत्रांत (कागद नसले तरी) एक मस्टर आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या या चुनखडीच्या तुकड्यावर दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या चाळिसाव्या वर्षातले कामगारांचे खाडे आहेत. नाव, तारीख आणि वर लाल शाईत कारण. एकाचे डोळे आलेत. एकाला विंचू चावलाय. एक भावाचं प्रेत मसाला भरून पुरण्यात गुंतलाय. एकजण बिअर गाळतोय, आणि हे कारण मान्य झालेलं दिसतं. एकाची बायको किंवा मुलगी पाळीत आहे म्हणून तो घरी. काहीजण साहेबाच्या खासगी कामावर गेलेत. रोजगार हमीच्या कामावर मुकादमी केलेल्या माणसाला यातली एकही नोंद नवी वाटणार नाही.

कामाची रचना पक्की होती. जहाजावरच्यासारख्या दोन टोळ्या, उजवी आणि डावी, प्रत्येकीला एक मुकादम. दहा दिवसांचा आठवडा. ते दिवस डोंगरावरच्या दगडी झोपड्यांत काढायचे, सुट्टीला घरी यायचं. तांब्याच्या छिन्न्या सरकारी, वजन करून दिल्या जायच्या, बोथट झाल्या की तशाच वजन करून परत घ्यायच्या. आत उजेडासाठी तेलात बुडवलेल्या वाती; त्याही मोजून, सकाळी इतक्या आणि दुपारी इतक्या.

पगार धान्यात. साध्या कारागिराला महिन्याला चार खार गहू आणि दीड खार जव; एक खार म्हणजे पाऊणशे लिटरच्या आसपास. जव बिअरला, गहू भाकरीला. हा गहू कोणता, तर एमर, म्हणजे आपला खपली. आपल्याकडे खिरीसाठी आणि अलीकडे मधुमेहाच्या धास्तीने जो महागाने विकत घेतात, त्याच जातीच्या गव्हावर ही सगळी थडगी उभी राहिली. सोन्याचा हिशेब सगळे सांगतात. मला त्यापेक्षा हा हिशेब महत्त्वाचा वाटतो. कारण खपली थांबला तेव्हा काय झालं, तेही लिहून ठेवलेलं आहे.

तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचं एकोणतिसावं वर्ष, इ.स.पू. ११५०च्या आसपास. धान्य जवळपास तीन आठवडे थकलं होतं. कामगारांनी हत्यारं ठेवली, पहाऱ्याच्या चौक्या ओलांडून खाली आले आणि तिसऱ्या थुतमोसच्या देवळामागे जाऊन बसले. अधिकारी आले, आश्वासनं दिली, शपथा घेतल्या. हे उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रामसेसच्या देवळात, म्हणजे रामेसिअममध्ये, जिथे धान्याची कोठारं होती तिथे. त्यांचं म्हणणं साधं होतं: भूक आणि तहान इथवर घेऊन आली, अंगाला कापड नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, राजाला कळवा. त्यांना आधीच्या महिन्याचं थकलेलं धान्य मिळालं. पुढच्या महिन्यात पुन्हा थकलं, पुन्हा हे बसले. हा सगळा वृत्तांत गावच्याच लेखनिकाच्या हातचा मानतात. तो पपायरस आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. जगातला पहिला नोंदलेला संप हाच.

संपाच्या वेळी राज्यावर असलेल्या या राजाचं थडगं दरीत पाहायला मिळतं. वीणावादकांच्या चित्रांमुळे प्रवाशांचं आवडतं. संपानंतर तीन-एक वर्षांत राणीवशातल्या कटात त्याच्यावर वार झाला. २०१२ साली त्याच्या ममीच्या सीटी स्कॅनमध्ये गळ्यावर खोल वार आढळला.

पगार असा अनियमित होत गेल्यावर पुढचं ओघानेच आलं. थडग्याचा नकाशा ज्यांना पाठ, त्यांनीच भुयारं खणली. नवव्या रामसेसच्या काळातला एक जबाब शिल्लक आहे. अमेनपनुफेर नावाचा पाथरवट सांगतो की त्याने आणि साथीदारांनी सोबेकेमसाफ या जुन्या राजाचं थडगं फोडलं, राजा-राणीच्या अंगावरचं सोनं काढलं, शवपेट्या पेटवून दिल्या, वाटे केले. मग तो पकडला गेला. आपल्या वाट्याचं सोनं त्याने एका कारकुनाला दिलं, कारकुनाने सोडलं. तो साथीदारांकडे परत गेला आणि त्यांनी आपापल्या वाट्यातून त्याची भरपाई करून दिली! चोरांच्या टोळीला भरपाईची पद्धत होती. सरकारकडे थकबाकी देण्याची नव्हती.

शेवटी पुरोहितांनीच हात टेकले. उरलेल्या राजांपैकी बरेच जण थडग्यांतून काढून, नव्याने गुंडाळून, त्यांनी देर अल-बाहरीजवळच्या एका कड्यातल्या भुयारात एकत्र ठेवले. दुसरा रामसेस, पहिला सेती, तिसरा थुतमोस आणि इतर. गुर्ना गावच्या अब्द अल-रसूल कुटुंबाला हे भुयार १८७०च्या सुमारास सापडलं आणि दहा वर्षं त्यांनी एकेक वस्तू बाजारात काढली. १८८१ मध्ये भावांत बिनसलं, एक फुटला, आणि चाळीसएक ममी काही दिवसांत बाहेर काढून आगबोटीवर चढवल्या गेल्या. म्हणजे या राजांचीही क्रूझ झालीच, उलट्या दिशेने. बोट जाताना काठावरच्या गावांतल्या बायकांनी मयताला करतात तसा आकांत केला, पुरुषांनी बंदुकीचे बार काढले. शेवटची मिरवणूक ३ एप्रिल २०२१ची: बावीस राजे-राण्या कैरोतल्या जुन्या संग्रहालयातून नव्यात, सजवलेल्या गाड्यांतून, जगभर थेट प्रक्षेपण. त्यामुळे दरीत आपण पाहतो ती जवळजवळ सगळी रिकामी घरं.

गुर्नाही आता रिकामं आहे. डोंगरउतारावर, अधिकाऱ्यांच्या जुन्या थडग्यांच्या डोक्यावर, निळ्या-पिवळ्या मातीच्या घरांचं हे गाव होतं. १९४०च्या दशकात हसन फतही या वास्तुकाराने त्यांच्यासाठी खाली कच्च्या विटांचं सुंदर नवं गाव रचलं. बहुतेक लोक गेले नाहीत. २००६ नंतर बुलडोझर आले. चोरांची वस्ती हटवली असं एक म्हणणं. पण उत्खननांवर पिढ्यान्‌पिढ्या फावडी मारणारे हात याच वस्तीतले होते, हे तितकंच खरं.

आज दरीत कामावर असतात ते पहारेकरी. गॅलबिया, म्हणजे पायघोळ झगा, घातलेला एक म्हातारा पुठ्ठ्याचा तुकडा वारा घ्यायला देतो, दोरीपलीकडचा कोपरा बॅटरीने दाखवतो आणि हात पुढे करतो. प्रवासी कुरकुरतात. आत उकडत असतं, कारण एका वेळी शंभर माणसं श्वास सोडत असतात. तीच वाफ भिंतींच्या मुळावर येते: ओल धरली की खडकातले क्षार पृष्ठभागावर येतात आणि रंगाचा पापुद्रा उचलतात. तुतानखामुनच्या भिंतींवरचे तपकिरी डाग वाढतायत अशी भीती होती. अमेरिकेच्या गेटी संस्थेने २००९ पासून दहा वर्षं काम केलं तेव्हा ते जुन्या, कधीच्या मेलेल्या बुरशीचे निघाले. हवा खेळती केली, चालायची फळी आणि दिवे नवे बसवले. कार्टरच्या घराशेजारी २०१४ पासून या थडग्याची हुबेहूब प्रतिकृती आहे. तिथे गर्दी नसते, भिंतीशी नाक नेऊन पाहता येतं, कुणी ओरडत नाही. तरीही कुणी जात नाही. प्रवासी पैसे मोजतो ते चित्रासाठी नव्हे, त्याच जागी उभं राहिल्याच्या समाधानासाठी.

कारागिरांनी स्वतःची थडगीही खोदली, सुट्टीच्या दिवसांत, एकमेकांच्या मदतीने. देर अल-मदीनाच्या उतारावरचं सेन्नेजेमचं थडगं १८८६ मध्ये सापडलं. वाकून उतरायचं, आणि एक लहानशी कमानदार खोली, जिचा पिवळा रंग परवा दिल्यासारखा. राजांच्या भिंतींवर पाताळातले बारा तास, साप, शिरच्छेद झालेले शत्रू. इथे सेन्नेजेम आणि त्याची बायको परलोकात शेत नांगरतायत. दोघं ठेवणीतली पांढरी वस्त्रं नेसून. भरल्या कणसांचा गहू, त्यालगत जवस, खाली खजुराची झाडं. आयुष्यभर ज्याला मोजून धान्य मिळालं, त्याने स्वतःसाठी मागितलं ते हे.

दुपारी बोट सुटते आणि थडगी मागे पडतात. एस्नाच्या जलद्वारापाशी बोटी खोळंबतात, तेव्हा छोट्या होड्या दोर टाकून बोटीला बिलगतात. फेरीवाले खालून टेबलक्लॉथ आणि गॅलबिया प्लास्टिकच्या पिशवीत भरून थेट चौथ्या मजल्यावरच्या डेकवर फेकतात. घासाघीस ओरडून होते, पैसे त्याच पिशवीतून खाली. नेम क्वचितच चुकतो.

अस्वानला पोचल्यावर पश्चिमेच्या टेकडीवर पुन्हा एक थडगं दिसतं, नीटस, घुमटाचं. ते तिसऱ्या आगाखानांचं, ज्यांचा पुण्यातला महाल आपल्याला कस्तुरबा आणि महादेवभाई देसाईंच्या समाधींमुळे माहीत आहे. त्यांना इथली हिवाळी हवा मानवायची, म्हणून दफन इथे. आत सोडत नाहीत, फेलुका या शिडाच्या होडीतून पाहायचं.

उत्तरेच्या टेकडीवर मात्र सोडतात, आणि क्रूझचे प्रवासी तिथे फारसे चढत नाहीत. ही अस्वानच्या सुभेदारांची थडगी, राजांच्या दरीपेक्षा सातशे-आठशे वर्षांनी जुनी. हारखुफ नावाच्या सुभेदाराने आपल्या थडग्याच्या दर्शनी भिंतीवर एक पत्र कोरून घेतलंय. पत्र दुसऱ्या पेपी राजाचं, जो तेव्हा लहान मुलगा होता. हारखुफ दक्षिणेकडच्या मोहिमेवरून एक बुटका नर्तक घेऊन येतोय हे कळल्यावर पोराला राहवत नाही. सगळं सोडून लगेच नदीने निघ, असं तो लिहितो. नर्तक बोटीवर असेल तेव्हा भरवशाची माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना उभी कर, तो पाण्यात पडता कामा नये. रात्री झोपला की त्याच्या तंबूत भोवती माणसं झोपव, आणि रात्रीतून दहा वेळा जाऊन बघ. हारखुफने पत्र जसंच्या तसं कोरलं, पत्रावरची तारीखसुद्धा सोडली नाही. नर्तकाचं नाव त्यात नाही, आणि रात्रभर दहा-दहा वेळा उठून बघणाऱ्या बोटीवरच्या माणसांचंही नाही.